दोघांचं धावणं

मैदानावर दोन खेळाडूंचं जमलं की ते सगळ्यात आधी कोचला कळतं. घरच्यांपर्यंत जायला महिने लागतात, मित्रांना माहीत असलं तरी ते तोंड उघडत नाहीत. पण जो माणूस रोज पहाटे याच पोरांच्या पावलांकडे पाहत असतो, त्याच्यापासून काही लपत नाही. गोंदिया जिल्ह्यात मुलामुलींना धावायला शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आमच्याकडे मैदानावर वयानं मोठ्या असलेल्या प्रत्येक मुलाला मुली 'दादा' म्हणतात. पोरीला धावायला पाठवताना आईबापांना त्या एका हाकेचा मोठा आधार वाटतो. अर्जुनी मोरगावकडून शिकायला आलेली माझी एक आठशे मीटरची मुलगी एक दिवस एका मुलाला दादा म्हणायची थांबली. नावही घेईना. तो दोन हातांच्या अंतरावर उभा असायचा आणि ही मला सांगायची, "मॅडम, त्यांना म्हणा ना, पुढच्या लॅपला थोडं हळू." मी समजले.

अशा वेळी बहुतेक मैदानांवर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. मुलीचं येणं बंद होतं. मुलगा येत राहतो. त्याला कोणी काही म्हणत नाही, फार तर मित्र चिडवतात. वर्षभरात मुलीच्या लग्नाची पत्रिका येते आणि जिल्ह्याच्या यादीतून एक नाव गळतं. माझं स्वतःचं धावणंही लग्नातच संपलं. विद्यापीठाच्या संघातून मी ८०० मीटर धावले होते. कोणी मनाई केली नव्हती. हळद लागायच्या आधी स्पाइक्स माहेरच्या माळ्यावर गेले आणि ते आणायचे कधी, हा विषय नंतर कोणाच्या घरात निघाला नाही, माझ्याही नाही. म्हणून या दोघांचं लक्षात आलं तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती तिच्या स्पाइक्सची.

आमच्या पोरांचं धावणं कशासाठी असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. जिल्हा धानाचा. जुलै-ऑगस्टात रोवणा लागला की मैदान अर्धं रिकामं होतं. मुली दिवसभर बांधीत वाकून रोवणी करतात, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, मांडीच्या मागच्या शिरा ताठरलेल्या असतात. त्या दिवसांत मी त्यांना वेगानं धावू देत नाही, नुसतं मोकळं जॉगिंग आणि स्ट्रेचिंग. रोवणा संपला की सीझन तोंडावर येतो. आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पदकाच्या आधी पोलीस भरती असते. मैदानी चाचणीचे ५० गुण. त्यात मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि त्याचे २० गुण. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. त्यामुळे आमच्याकडे 'धावून काय मिळणार?' असं कोणी विचारत नाही. 'कधी मिळणार?' असं विचारतात. मुलीच्या बाबतीत 'कधी'ला लग्नाच्या वयाची मुदत असते.

तो मुलगा आमगावकडचा. ५००० मीटर धावायचा. अंगानं किडकिडीत, बोलायला कमी. तिची अडचण अशी होती की पिस्तुलाचा आवाज झाला की तिला धीर धरवत नसे. पहिली फेरी ६४ सेकंदांत मारायची आणि दुसरीला ८० लागायचे. शेवटच्या दीडशे मीटरमध्ये हात वर यायचे, मान मागे पडायची. ८०० मीटर ही घाईची शर्यत दिसते, पण ती जिंकतो पहिल्या फेरीत हात आखडता घेणारा. हे तिला तोंडानं सांगून झालं, घड्याळ दाखवून झालं. शेवटी मी त्याला पेसर म्हणून लावलं. फक्कीच्या रेषांवर, दव पडलेल्या मातीवर, तो दुसऱ्या लेनमध्ये तिच्या अर्धं पाऊल पुढे. त्याला काम एकच: ६७ सेकंदांच्या वर नाही, खाली नाही. ती पुढे काढायला जायची आणि तो तोंडानं एक अक्षर न बोलता नुसता उजवा पंजा खाली दाबायचा. पंजा खाली म्हणजे थांब. दोनशे मीटर उरले की तो पंजा उघडायचा आणि बाजूला व्हायचा. त्या सीझनला तिची वेळ २ मिनिटं २४ सेकंदांवरून २ मिनिटं १७ सेकंदांवर आली. ६७ आणि ७०. इतकी सरळ धाव माझ्या हातून त्याआधी कोणाची घडली नव्हती.

पण याची किंमत कोण देत होतं, ते मला दिसत होतं. तिचे इंटरव्हल झाले की तो दमलेला असायचा आणि स्वतःचे हजार-हजार मीटरचे रिपिटिशन उरकून टाकायचा. ५००० मीटरच्या धावपटूला लागतो लांब, कंटाळवाणा, एकट्याचा सराव. पेसरच्या कामानं त्याचा पाय तुटक वेगाला सरावत चालला होता. मी दोघांना समोर बसवलं. आठवड्यातले दोन दिवस तो तिचा पेसर, बाकीचे दिवस त्यानं त्याच्या गटात धावायचं, तिनं तिच्या. रात्री साडेनऊला फोन बंद. झोप मोडली की सकाळच्या पायात ती दिसतेच. मैदानावर येताना आपापली सायकल. हा शेवटचा नियम मी सरावासाठी केला नव्हता. रस्त्यावरच्या लोकांना बोलायला जागा राहू नये, म्हणून केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मॅडम, तुमी आम्हाले बंद नाही करून राहिले ना जी?"

त्याच हिवाळ्यात ती सारखी धापा टाकू लागली. तपासलं तर हिमोग्लोबिन खूप उतरलेलं. आमच्या मुली भात पोटभर खातात, पण लोह कुठून येणार? पालेभाजी, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडी, आणि सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या, असा कार्यक्रम लावला. पूर्व विदर्भात रक्त तपासायचं तर सिकलसेलचीही तपासणी करून घ्यावी, असं मी सगळ्यांनाच सांगते. तिची केली. दुसऱ्या दिवशी तोही कोणी न सांगता जाऊन तपासून आला. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे त्याला आशाताईनं गावात सांगितलेलं होतं. दोघांचेही रिपोर्ट साफ निघाले. माझ्या हातात कागद देताना त्याचे कान लाल झाले होते. मला तो मुलगा त्या दिवसापासून आवडू लागला.

मग तिचे वडील आले. धानाचं चुरणं आटोपून, धुतलेला सदरा घालून, सकाळच्या पॅसेंजरनं. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "मॅडम, पोरगी धावाले पाठवली होती. याच्यासाठी नाही पाठवली." जाती वेगळ्या होत्या, तो मुद्दा त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही; दोघांनाही माहीत होतं की तो तिथंच उभा आहे. ते म्हणाले, मुलीनं इतकं धावलेलं शरीराला बरं नाही असं गावात म्हणतात. मी त्यांना १९२८ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा बायका ८०० मीटर धावल्या. शर्यतीनंतर काही जणी दमून गवतावर पडल्या म्हणून मोठमोठ्या शहाण्या पुरुषांनी ठरवलं की हे अंतर बाईमाणसाला झेपणारं नाही. ३२ वर्षं ती शर्यत बंद होती. १९६०ला रोममध्ये पुन्हा सुरू झाली. "पुरुष धावून पडले तर त्यांना कोणी घरी बसवत नाही," मी म्हटलं. मग सावरपाड्याच्या कविता राऊतचं सांगितलं. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची मुलगी, लग्न झाल्यावर मॅरेथॉनकडे वळली, २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि रिओ ऑलिंपिकला गेली. वडिलांनी बराच वेळ मैदानाकडे पाहिलं. ती तेव्हा लॅप मारत होती. जाताना म्हणाले, "एक सीझन. मग आमी पाहू." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

राज्य स्पर्धा पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची आणि अख्खं राज्य आडवं कापायचं. पोचेपर्यंत पाय आखडून जातात. मातीवर सराव केलेल्या पोरांना सिंथेटिक ट्रॅक एकदम अंगावर येतो, नडग्या भरतात, म्हणून आधी मी त्यांना नागपूरला मानकापूरच्या ट्रॅकवर नेऊन आणलं होतं. तिला ८०० मीटरमध्ये तिसरा क्रमांक मिळाला. तो ५००० मीटरमध्ये सातवा आला. परतीच्या गाडीत ती खिडकीशी, तो दाराशी. भुसावळपर्यंत तो आत आला नाही. ती पदक पिशवीत तळाशी ठेवून बसली होती, गळ्यात घालून फोटो काढायलाही तयार नव्हती. मला याचा राग आला. तिच्या पदकानं त्याला दुखावलं नव्हतं, तो स्वतःच्या धावण्यावर रुसला होता. पण ती मात्र आपलं यश लपवून त्याचं मन राखत होती. हे मुली फार लवकर शिकतात.

मी त्याला आत बोलावलं आणि दीपिका कुमारी आणि अतनू दास यांचं सांगितलं. दोघंही तिरंदाज. ३० जून २०२० रोजी रांचीत लग्न झालं. पुढच्या वर्षी ग्वाटेमालाच्या विश्वचषकात दोघांनीही वैयक्तिक सुवर्ण घेतलं, पॅरिसच्या विश्वचषकात मिश्र सांघिक सुवर्ण मिळून जिंकलं. टोकियो ऑलिंपिकमध्येही नवरा-बायको एकत्र उतरणार, असंच सगळे धरून चालले होते. पण मानांकन फेरीत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव अतनूच्या पुढे राहिला आणि दीपिकाच्या बाजूला प्रवीण उभा राहिला. कोरियाच्या जोडीपुढे ते हरले. लग्नाला वर्ष झालेलं, आयुष्यातली सगळ्यात मोठी स्पर्धा, आणि आपली जागा दुसऱ्याला. पुढे अतनूनं लंडन ऑलिंपिकचा विजेता ओ जिन-ह्येक याला शूट-ऑफमध्ये हरवलं, तेव्हा प्रेक्षकांच्या बाकांवरून ओरडून बळ देणारी दीपिका होती. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकला दोघांपैकी एकटी दीपिका गेली. त्यांची मुलगी दीड वर्षाची होती, अतनू संघात नव्हता. हे ऐकून तो काही बोलला नाही. अकोला गेल्यावर तिच्या समोर जाऊन बसला आणि म्हणाला, "दुसरा दोनशे किती आला तुझा?" ती सांगू लागली. बडनेऱ्यापर्यंत दोघं स्प्लिट मोजत होते. पदक तेव्हा पिशवीतून बाहेर आलं.

पुढच्या भरतीत तो पोलिसात लागला. प्रशिक्षणाला गेला, नंतर बदलीच्या गावी. खेळाडूला नोकरी लागली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि तिथंच पुष्कळांचा खेळ संपतो. ड्युटी बारा बारा तासांची, बंदोबस्त, सणावारी रजा नाही. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १६व्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१०ला ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य घेतलं. खजानसिंगच्या १९८६च्या रौप्यानंतर जलतरणात भारताला मिळालेलं ते पहिलं आशियाई पदक. राज्य सरकारनं त्याला तहसीलदार केलं. नोकरी मानाची, पण तिच्यात पोहणं मागे पडलं. तो परतला, २०१८ला जकार्तामध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य त्याच्या हातून एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं निसटलं. त्याची बायको ऋजुता, माहेरची भट, ती स्वतः राष्ट्रीय पातळीची जलतरणपटू. २०२३च्या नोव्हेंबरात गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं पुरुषांचं सुवर्ण वीरधवलनं घेतलं आणि महिलांचं ऋजुतानं. दोघंही महाराष्ट्राकडून. ती बातमी मी मैदानावर मोठ्यानं वाचून दाखवली. मुली टाळ्या वाजवत होत्या ते ऋजुतासाठी. संसार, नोकरी हे सगळं करूनही एक बाई देशात सगळ्यांत वेगानं पोहू शकते, हे त्यांना बातमीत छापलेलं पाहायचं होतं.

आमच्या आमगावच्या मुलानं सुटीवर आल्यावर मला सांगितलं, "मॅडम, माझं ५००० आता होणार नाही. मी तिचा पेसर होतो." मला लांब उडीतल्या अंजू बॉबी जॉर्जचा नवरा आठवला. रॉबर्ट बॉबी जॉर्ज हाही राष्ट्रीय विजेता तिहेरी उडीपटू होता. आपली कारकीर्द बाजूला ठेवून तो बायकोचा कोच झाला आणि २००३ला पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत तिनं ६.७० मीटर उडी मारून कांस्य आणलं. जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. आपल्या देशात पुरुषानं असं मागे सरकल्याची उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत, म्हणून आमच्या मुलाचं बोलणं ऐकून मला आनंद झाला. तरी मी लगेच हो म्हटलं नाही. मी त्याला विचारलं, दहा वर्षांनी भांडण झालं तर हे तिच्या तोंडावर फेकशील का? त्याग बायकोनं केला काय किंवा नवऱ्यानं केला काय, तो न बोलता केला तर घरात कुजतो. तेव्हा मी दोघांना वहीत लिहायला लावलं: किती सीझन ती धावणार, तो कोणत्या वर्षी पुन्हा स्वतःसाठी धावायचं की नाही ते ठरवणार, मूल कधी. हे शेवटचं लिहिताना दोघं लाजले, पण लिहिलं. ती वही माझ्या कपाटात आहे.

लग्न मे महिन्यात झालं. सीझन संपलेला, रोवणा लागायला अवकाश. आधी नोंदणी, मग दोन्ही घरच्यांच्या जेवणाचा छोटा कार्यक्रम. तिचे वडील आले आणि जेवून गेले. सगळ्या नातेवाइकांबद्दल असं म्हणता येणार नाही.

खरी परीक्षा त्यानंतर होती. नवरा बदलीच्या गावी, सून सासरी. जून लागला आणि ती पहाटे ट्रॅकपँट घालून गावाच्या डांबरी रस्त्यावर धावायला निघाली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बाया घरी आल्या: नवीन सून, डोक्यावर पदर नाही, एकटी पळते. तिच्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी सुनेला काही म्हटलं नाही. दुसऱ्या पहाटे त्या स्वतः रस्त्याच्या टोकाला, पाणीटाकीजवळ, काठी घेऊन जाऊन उभ्या राहिल्या आणि सून धावून येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. असं महिनाभर केलं. विचारणाऱ्यांना सांगायच्या, "कुत्रे मागे लागतेत जी, म्हणून उभी आहो." मला हे कळलं तेव्हा मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले. चुलीवर अंडी उकडत ठेवली होती. त्यांनी मला विचारलं, "किती खायाची असते हो रोज? दोन पुरते का?" इतक्या वर्षांत एखाद्या सासूनं मला खेळाडूच्या आहाराबद्दल विचारण्याची ही पहिली वेळ.

ती आता १५०० मीटरकडे वळली आहे. वय वाढतं तसा वेग थोडा कमी होतो, दम वाढतो, आणि तिच्याकडे दम आहे. तो रजेवर आला की पुन्हा दुसऱ्या लेनमध्ये, पंजा खाली धरून. नसला की ती फोनवर वेळा सांगते आणि तो ड्युटीवरून उलट विचारतो, "शेवटचे तीनशे?" त्यांच्यात भांडणं होतात, पैशाची ओढाताण आहे, एका सीझनला तिची नडगी इतकी दुखावली की स्पर्धाच हुकली. मोठं पदक येईल का, हे मी सांगू शकत नाही. ती अजून धावते आहे, एवढं मात्र रोज डोळ्यांनी पाहते.

गोंदिया, तिरोडा, देवरी, सालेकसा, जिथं कुठं हे वाचलं जाईल तिथल्या आईबापांना आणि सासू-सासऱ्यांना माझी एक विनंती आहे. धावणाऱ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करताना मानपान, देणं-घेणं यांच्या आधी दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: पहाटे पाचला ती मैदानावर जाणार ना, आणि त्या वेळी घरचा चहा कोण ठेवणार? उत्तर दोन्ही घरांसमोर मिळू द्या. आणि ज्यांच्या घरी अशी सून आधीच आलेली आहे, जिचे स्पाइक्स माहेरच्या माळ्यावर पडून आहेत, त्यांनी ते मागवून घ्या. दोन-चार वर्षं खंड पडला असला तरी चालेल, बाळंतपण झालेलं असलं तरी चालेल. तिला पाठवा. सकाळी साडेपाचला मी मैदानावर असते.